खत दिलं तर करपतं! ऑस्ट्रेलियातल्या लालभडक ‘वॉराटा’कडून डीएपी टाकणाऱ्यांसाठी धडा

खत जास्त तर उत्पन्न जास्त, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण ऑस्ट्रेलियात एक झुडूप असं आहे, की त्याच्या मुळाशी डीएपीसारखं खत पडलं तर ते वाढायच्या ऐवजी करपतं. त्याचं नाव वॉराटा.

सिडनी शहराच्या आसपासच्या डोंगराळ रानात हे झुडूप आढळतं. उंची साधारण ३ ते ४ मीटर. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरला वसंत ऋतू असतो. तेव्हा फांदीच्या टोकाला ओंजळीएवढं लालभडक फूल येतं. दिसायला ते एकच फूल, पण खरं तर तो शंभर-दोनशे बारीक फुलांचा गेंद असतो. त्यातला मध प्यायला पक्षी येतात अन् परागीभवनही करून जातात. १९६२ पासून हे न्यू साउथ वेल्स राज्याचं अधिकृत फूल आहे.

खत का सोसत नाही?

तिथली जमीन वालुकाश्माची, स्फुरद अगदी नावापुरतं. अशा जमिनीत जगायचं म्हणून वॉराटाला ब्रशसारखी दाट, बारीक मुळं फुटतात. ही मुळं आम्ल सोडतात अन् मातीला चिकटून बसलेलं स्फुरद मोकळं करून घेतात. पण नको तेव्हा घेणं थांबवायचं, हे या झाडाला नीट जमत नाही. आयतं स्फुरद मिळालं की ते पानांत साचतं. पानं पिवळी पडतात, कडा करपतात, झाड मरूही शकतं.

वणव्याला मात्र ते पुरून उरतं. वरचं झाड जळालं तरी जमिनीतल्या जाड गाठीतून नवे धुमारे फुटतात अन् साधारण दोन वर्षांत पुन्हा फुलं येतात.

आपण काय घ्यायचं?

आपली पिकं इतकी नाजूक नाहीत. पण डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद असतं. जमिनीत ते आधीच भरपूर असताना दर हंगामात टाकत राहिलं, तर पिकाला जस्त अन् लोह नीट मिळत नाही. पानं पिवळी दिसली की पुन्हा खताचीच गोणी फोडली जाते. पैसा जातो, पीक तसंच राहतं.

म्हणून पेरणीआधी माती परीक्षण करून घ्यावं. मृदा आरोग्य पत्रिकेत स्फुरद ‘जास्त’ दाखवलं असेल, तर डीएपीचा डोस सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारूनच ठरवावा.