‘अल्कधर्मी’ म्हणजे काय?

हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद प्रसिद्ध आहे. हळदीच्या डागावर साबण लावताच तो लालसर होतो. हळदीत चुना मिसळताच कुंकवाचा रंग उमटतो. साबण आणि चुना अल्कधर्मी असल्याची ही घरगुती साक्ष होय. त्या लाल डागावर लिंबू पिळावे, तो पुन्हा पिवळा होतो. कारण लिंबू आम्लधर्मी.

ज्या द्रावणाचा सामू ७ हून अधिक, ते अल्कधर्मी. हे विशेषण पदार्थाचा गुणधर्म सांगते, श्रेष्ठत्व नव्हे. बोअरचे ‘क्षारयुक्त’ पाणी म्हणजे विरघळलेले क्षार अधिक असलेले पाणी. दोन्ही शब्द एक नव्हेत.

‘शरीर अल्कधर्मी करा’ हा सल्ला हल्ली ज्येष्ठांच्या कानी वारंवार पडतो. वस्तुतः निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो आणि फुफ्फुसे व मूत्रपिंडे तो अहोरात्र राखतात. जठररस तर पचनासाठी आम्लधर्मीच असावा लागतो.

आम्लपित्तावर रोज खाण्याचा सोडा घेणाऱ्यांनी विशेष जपावे. चहाच्या एका चमचाभर सोड्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असते. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांस ते अपायकारक ठरू शकते. जळजळ वारंवार होत असल्यास डॉक्टरांना दाखवावे. सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असल्यास सोड्याचा डबा न शोधता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.