कोतोला मिळाली नवी साथ

तुम्ही सतार ऐकली असेल. सतार वाजवणारा बोटात मिजराब, म्हणजे तारेची नखी घालतो. जपानमध्येही नख्या घालून वाजवण्याचे एक वाद्य आहे. त्याचे नाव कोतो. या कोतोला अमेरिकेत नवे सोबती कसे मिळाले, ते आपण पाहू.

कोतो हे लाकडाचे लांबट वाद्य आहे. त्याची लांबी सुमारे १८० सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या उंच माणसाएवढी असते. त्यावर १३ तारा ताणलेल्या असतात. प्रत्येक तारेखाली एक स्वतंत्र घोडी असते. घोडी सरकवली, की तारेचा स्वर बदलतो. वादक उजव्या हाताने तारा छेडतो. डाव्या हाताने तार दाबली, की स्वर थोडा चढतो. हे वाद्य सुमारे तेराशे वर्षांपूर्वी चीनमधून जपानमध्ये आले. आज जे अस्सल जपानी वाटते, तेही एके काळी पाहुणेच होते!

आता दुसऱ्या संगीताकडे वळू. जॅझ हे अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांनी घडवलेले संगीत आहे. यात वादक ठरलेल्या चालीवर आयत्या वेळी सुचेल तशी भर घालतो. १९६० नंतर याच समाजातून ‘फंक’ नावाचे संगीत पुढे आले. यात ताल सर्वांत महत्त्वाचा. ड्रम आणि बास गिटार एक छोटा तुकडा पुन्हापुन्हा वाजवतात आणि पहिल्या मात्रेवर जोर देतात. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप ठेका धरतात. या दोन्हींच्या मिश्रणाला जॅझ-फंक म्हणतात.

कोतो आणि जॅझ-फंक यांचा मेळ कसा बसेल? पहिली अडचण आवाजाची. कोतोचा आवाज नाजूक असतो. ड्रमपुढे तो ऐकू येणार नाही. ही अडचण मायक्रोफोनने सुटली. दुसरी अडचण मोठी होती. कोतोच्या तारा बहुधा पाचच स्वरांत लावतात. आपल्या भूप रागातही पाच स्वर असतात. जॅझमध्ये मात्र साथीचे स्वर सारखे बदलतात. दर वेळी घोड्या सरकवायला वेळ कुठून आणायचा? येथे फंक मदतीला आला. फंकमध्ये बास गिटार बराच वेळ त्याच थोड्या स्वरांभोवती फिरते. त्यामुळे कोतोला आपले पाच स्वर मोकळेपणाने वाजवता येतात. शिवाय कोतोचा स्वर टणकन उमटतो आणि लवकर विरतो. म्हणून तो तालाच्या दोन ठोक्यांमधील रिकाम्या जागेत नेमका बसतो.

हा मेळ ज्यांनी लोकांपर्यंत पोहोचवला, त्यांत ‘हिरोशिमा’ हा वाद्यवृंद महत्त्वाचा आहे. डॅन कुरामोतो यांनी तो १९७४ साली लॉस एंजेलिस शहरात सुरू केला. ते सॅक्सोफोन वाजवत, तशीच शाकुहाची ही जपानी बांबूची बासरीही वाजवत. कोतो वाजवत जून कुरामोतो. त्यांचा जन्म जपानमधला, पण त्या वाढल्या लॉस एंजेलिसमध्ये. ड्रमच्या जोडीला ताइको हा जपानी ढोलही होता. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७९ साली निघाली.

या संगीतामागे एक दुःखाची गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेच्या सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घराबाहेर काढून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवले. त्यांतील दोन-तृतीयांश लोक अमेरिकेचेच नागरिक होते! सरकारने याबद्दल १९८८ साली माफी मागितली. पण मधल्या काळात अनेक घरांना आपले जपानीपण लपवावेसे वाटले. अशा घरांतील पुढच्या पिढीने कोतो मंचावर आणले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या शहराचे नाव या वाद्यवृंदाने घेतले, तेही उगाच नव्हे.

जपानमध्येही असे प्रयोग झाले. शाकुहाचीवादक होझान यामामोतो यांनी १९६७ साली अमेरिकेतील न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात आपली बासरी वाजवली. त्यामुळे जुनी कला बिघडली का? मुळीच नाही. याच यामामोतो यांना २००२ साली जपान सरकारने पारंपरिक कलेतील सर्वोच्च मान दिला.

घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना या वादकांचे मन लगेच कळेल. त्यांना दोन्हींपैकी काहीच सोडायचे नव्हते. असे संगीत कधी कानांवर पडले, तर आधी बासचा ठेका ऐका. मग कोतोची तार शोधा. मेळ खरा असेल, तर दोन्ही वेगवेगळे ओळखू येतील.