कुळाचे चिन्ह : ढाल, निशाण आणि देवक

जर्मनीत अनेक घराण्यांच्या ढालीवर एखादे चित्र असते. तो मान फक्त सरदारांचा नव्हता. शहरातले व्यापारी आणि कारागीरही कुलचिन्ह धारण करीत. काही चिन्हे नावावरूनच बेतलेली असत. हेन्नेबर्ग या नावात कोंबडी आणि डोंगर आहेत, म्हणून त्या घराण्याच्या ढालीवर टेकडीवर उभी कोंबडी! फ्रांकफुर्टच्या रोथशिल्ड घराण्याचे नाव घरावरच्या लाल ढालीच्या पाटीवरून पडले. पुढे त्यांच्या चिन्हात मुठीत धरलेले पाच बाण आले. ते पाच भावांच्या एकजुटीचे.

आपल्याकडे या पद्धतीची चिन्हे बरीच उशिरा आली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरला. राणी व्हिक्टोरियाचे सम्राज्ञीपद जाहीर झाले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी संस्थानिकांना रेशमी निशाणे दिली. त्यांवरची चिन्हे रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने युरोपीय नियमांनी रेखाटली होती. साचा परका असला तरी त्यातला मजकूर पुष्कळसा इथलाच होता.

शिंद्यांच्या चिन्हात सूर्य आणि दोन नाग आहेत. या घराण्याच्या मूळपुरुषावर तो झोपला असता नागाने फणा धरून सावली केली, अशी दंतकथा सांगतात. हा नाग पुढे ग्वाल्हेरच्या नाण्यांवरही दिसतो. होळकरांच्या चिन्हात घोडा आणि नंदी आहेत. घोडा म्हटला की आपल्याला खंडोबा आठवतो, नंदी म्हटला की महादेव. आणि अहिल्याबाईंच्या हुकुमांवर ‘श्रीशंकर’ अशीच सही असे. सोबत गहू आणि अफूचे बोंड आहे. ती माळव्याची दोन मोठी पिके.

आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. १८७७ च्या दरबारात नागपूरचे राज्य म्हणून निशाण घ्यायला कोणी उरलेच नव्हते. सरकारने दिलेला मान सरकारच्या मर्जीवर टिकतो, तो असा.

देवकाचे तसे नाही. पंचपालवी, कदंब, मोरपीस, सूर्यफूल ही देवके कोणा दरबाराने वाटली नाहीत. लग्नाच्या मांडवात देवक बसते. एका देवकाच्या घरांत सोयरीक करीत नाहीत, म्हणजे ते नात्याची वहीही असते. आम्हा जैनांकडे तीर्थंकरांच्या मूर्ती लांछनावरून ओळखतात: ऋषभनाथांचा बैल, पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह. लांछन झिजले की समोर कोण बसले आहे, हे सांगणे अवघड होते.

आणि निशाणाचे मोल पांढुर्ण्याला कोणी शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रातल्या पळसावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव काय करतात, ते आपण पाहतोच.

होमिओपॅथीत रोग्याची हकीकत घेताना आजोबा-पणजोबांपर्यंत जावे लागते. तिथे पुष्कळ घरांत उत्तर थांबते. देवक विचारले तर मुलगा आईकडे पाहतो, आई सासूकडे. लग्नपत्रिकेवर मात्र बाजारातून घेतलेले दोन सिंह आणि मुकुट छापलेले असतात. पुढच्या लग्नाआधी घरातल्या थोरल्या माणसाजवळ बसा. देवक, कुलदैवत, मूळ गाव आणि हे कोणी सांगितले त्याचे नाव, एवढ्या चार ओळी वहीत लिहून ठेवा. सांगणारे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.