पन्नास मिनिटांचा तास
श्वासाची नोकरी : भाग नववा

माझ्या युनिफॉर्मच्या उजव्या खिशात शिंप्याकडे असते तशी टेप असते. स्टेथोस्कोप विसरला तर कुणाचा तरी उसना मिळतो. टेप कुणी देत नाही, म्हणून ती माझी मी बाळगते. आयसीयूत नवा पेशंट व्हेंटिलेटरवर आला की मी आधी त्याची टाळूपासून टाचेपर्यंत लांबी मोजते. काचेपलीकडे नातेवाईक उभे असतील तर त्यांचे चेहरे उतरतात. आडव्या माणसाचं माप घेताना पाहून कुणाच्याही पोटात गोळा येणारच. मग बाहेर जाऊन सांगावं लागतं, की हे माप चांगल्यासाठी घेतलंय.

उंची कशाला? तर फुप्फुसं उंचीप्रमाणे असतात, पोटाप्रमाणे नाही. पाच फुटी बाई पन्नास किलोची असो की नव्वद किलोची, तिच्या छातीत हवेला जागा तेवढीच. म्हणून व्हेंटिलेटरने एका श्वासात किती हवा ढकलायची, म्हणजे टायडल व्हॉल्यूम किती ठेवायचा, हे काट्यावरच्या वजनावर ठरत नाही. उंचीवरून एक अपेक्षित वजन काढतात. पाच फुटांच्या बाईचं ४५.५ किलो, पाच फुटांच्या पुरुषाचं ५० किलो, आणि त्यापुढच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ०.९१ किलो मिळवायचं. फुप्फुसं आजारी असतील तर किलोमागे साधारण ६ मिलिलिटर. म्हणजे पाच फुटी बाईला २७३ मिलिलिटर. चहाचे दोन कप, त्याहून जास्त नाही.

हे सगळं मला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही.

मागच्या भागात आपण अमेरिकेत रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे आमच्या भाषेत आरटी, कसं होता येतं ते पाहिलं: दोन वर्षांची असोसिएट डिग्री, एनबीआरसी या राष्ट्रीय मंडळाची परीक्षा, मग ज्या राज्यात नोकरी करायची तिथलं लायसन्स. लग्न होऊन इकडे आल्यावर मी हाच रस्ता धरला आणि १९९८ साली पास झाले. तेव्हाच्या शिकवणीत टायडल व्हॉल्यूम किलोमागे १० ते १५ मिलिलिटर होता. फुप्फुस फुगलं पाहिजे, रक्तातले आकडे नीट दिसले पाहिजेत, एवढंच डोक्यात. प्रत्यक्षात रात्रपाळीला तर सरसकट पाचशेचा आकडा लावला जायचा. उंच, बुटका, बाई, बाप्या, सगळ्यांना पाचशे.

मग २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एआरडीएसनेटचा अभ्यास छापून आला. एआरडीएस म्हणजे न्यूमोनियामुळे, जंतुसंसर्गामुळे किंवा मोठ्या अपघातामुळे फुप्फुसात पाणी झिरपून ती ताठर होतात, तो आजार. अशा फुप्फुसाचा हवा घेऊ शकणारा भाग इतका थोडा उरतो, की इटलीचे डॉक्टर लुचानो गॅटिनोनी यांनी त्याला ‘बेबी लंग’ म्हटलं. माणूस मोठा, फुप्फुस तान्ह्या मुलाएवढं, आणि आम्ही त्यात मोठ्या माणसाचा श्वास कोंबत होतो. अभ्यासात ८६१ पेशंट होते. अर्ध्यांना किलोमागे १२ मिलिलिटरचा जुना श्वास, अर्ध्यांना ६ चा. जुन्या गटात ३९.८ टक्के दगावले, नव्या गटात ३१ टक्के. ना नवं औषध, ना नवं यंत्र. बटण तेच, आकडा फक्त कमी केलेला.

मी ते जर्नल वाचलं होतं का? अजिबात नाही. तेव्हा मी फ्लोरिडात होते. तिथे आरटीचं लायसन्स दर दोन वर्षांनी, विषम सालच्या ३१ मे रोजी संपतं आणि नूतनीकरणासाठी २४ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. २००१ चा मे उजाडला तेव्हा माझे काही तास कमी पडत होते. म्हणून एका हॉटेलच्या हॉलमधल्या दिवसभराच्या व्याख्यानांना जाऊन बसले. कॉफी कोमट, एसी अंगात भरेल इतका, आणि दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात कुणीतरी हाच अभ्यास पडद्यावर दाखवला. झोप उडाली. त्या आठवड्यात मी किती जणांना पाचशे लावले होते, ते बोटांवर मोजत बसले. टेप मी दुसऱ्या दिवशी विकत घेतली.

तेव्हा तास मोजण्याच्या या पद्धतीवर मी पुढे जी टीका करणार आहे, ती याच पद्धतीने उपकृत झालेल्या बाईची आहे, हे आधीच सांगते.

आता नियम. अमेरिकेत असं लायसन्स देणं हा केंद्राचा विषय नाही, राज्याचा आहे. अलास्का सोडून सगळ्या राज्यांत आरटीला लायसन्स लागतं, आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. टेक्सासला दोन वर्षांत २४ तास. ओहायोला २०. कॅलिफोर्नियाला ३०, शिवाय एकाआड एक नूतनीकरणाला कायदा आणि व्यावसायिक नीती यांवरचा वेगळा कोर्स. न्यूयॉर्कलाही ३०, पण तीन वर्षांत. फुप्फुसं सगळीकडे सारखीच असताना टेक्सासात वर्षाला १२ तास आणि न्यूयॉर्कात १० का, याला शास्त्रीय उत्तर नाही. विधिमंडळात जसं ठरलं तसं. फ्लोरिडाच्या २४ तासांतले २ तास वैद्यकीय चुका कशा टाळाव्यात यावर घालवावेच लागतात. मला विचाराल तर सगळ्या यादीतले हे दोन तास सगळ्यात कामाचे.

आणि तास म्हणजे तरी किती? न्यूयॉर्कच्या नियमात तास ५० मिनिटांचा. शाळेतल्या तासिकेसारखा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शाळेतल्या आमच्या बाईच आठवल्या. घंटा होऊन पाच मिनिटांनी त्या वर्गात यायच्या आणि पाच मिनिटं आधी वही मिटायच्या.

हे तास मिळवण्याच्या वाटा बऱ्याच. एएआरसी ही आमची व्यावसायिक संघटना. १९४७ साली शिकागोत ‘इनहेलेशनल थेरपी असोसिएशन’ या नावाने सुरू झाली, तेव्हाचे सभासद मुख्यतः ऑक्सिजनच्या टाक्या ढकलणारे. आज तिची मान्यता असलेली व्याख्यानं, परिषदा आणि कोर्स देशभर चालतात. हॉस्पिटलंही कोर्स ठेवतात. आणि उरलेला सगळा कारभार ऑनलाइन. पैसे भरा, चाळीस स्लाइड पुढे सरकवा, शेवटी दहा-वीस प्रश्न, चुकलं तर पुन्हा प्रयत्न, की प्रमाणपत्र छापायला तयार. एकदा सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारावरचा दोन तासांचा कोर्स लावून मी गवार निवडली आहे. भाजी झाली, कोर्सही झाला. त्यातलं आज मला विचाराल तर गवार कोवळी होती एवढं सांगेन.

असं करणारी मी एकटी नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फ्लोरिडातल्या कुठल्याही हॉस्पिटलच्या आरटी रूममध्ये डोकावा. एकजण दुसऱ्याला विचारत असतो, सगळ्यात लवकर कुठला कोर्स संपतो? सीई ब्रोकर नावाच्या सरकारमान्य प्रणालीत तास नोंदवले जातात. किती भरले, किती उरले, ते तिथे दिसतं. किती कळलं, याचा रकाना त्यात नाही.

नियमाची खरी गंमत मात्र दुसरीकडेच आहे. राज्याचं लायसन्स वेगळं आणि एनबीआरसीची पदवी वेगळी. पहिलं नसेल तर काम बेकायदा. दुसरी नसेल तर नावापुढे आरआरटी, म्हणजे रजिस्टर्ड आरटी, लावता येत नाही. १ जुलै २००२ नंतर ज्यांनी ही पदवी मिळवली, त्यांची ती पाच वर्षांनी संपते आणि टिकवायला काहीतरी करावं लागतं. त्याआधीच्यांची तहहयात. म्हणजे मी १९९८ ची, मला राज्याचे तास सोडले तर कुणी विचारत नाही.

आमच्या विभागात नाशिकहून आलेला एक मुलगा आहे. शिफ्ट बदलताना एकदा फोन पुढे करून म्हणाला, “ताई, हे बघा ना, तिमाही प्रश्न आलेत.”

“मला कशाला दाखवतोस? तुझे तू सोडव.”

“तुम्हाला नाहीच का हे?”

“नाही. आम्ही जुने.”

तो जरा थांबला आणि म्हणाला, “म्हणजे ज्यांना शिकून पंचवीस वर्षं झाली त्यांना माफ, आणि मला होऊन तीन वर्षं झाली तर मला परीक्षा?”

याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्याच्या फोनवर आलेले ते प्रश्न ही एनबीआरसीने २०२० पासून आणलेली नवी तऱ्हा. दर तीन महिन्यांनी दहा प्रश्न. ऑक्सिजन कमी पडतोय, यंत्राच्या पडद्यावर हे दिसतंय, आधी काय कराल? उत्तर दिलं की लगेच बरोबर की चूक आणि का, ते समोर येतं. पाच वर्षांत यात चांगले गुण मिळवले, तर पदवी टिकवण्यासाठी वेगळे तास दाखवावेच लागत नाहीत. मध्यम मिळवले तर १५. घसरलात तर ३०. ज्याला येतं त्याचा वेळ वाचतो, ज्याला येत नाही त्याला अभ्यासाला बसवलं जातं. इतकी साधी गोष्ट सुचायला एवढी वर्षं का लागली, कोण जाणे. मी त्या मुलाचे प्रश्न नंतर गुपचूप सोडवून पाहिले. दहातले दोन चुकले. दोन्ही ज्या विषयांत मला स्वतःला पक्की समजत होते, त्यांतले.

या धंद्यातलं ज्ञान किती लवकर शिळं होतं, याचं आणखी एक उदाहरण तुमच्या घरातलंच आहे. २०१३ साली फ्रान्समधल्या क्लोद गेरां यांच्या चमूने व्हेंटिलेटरवरच्या गंभीर पेशंटना रोज किमान १६ तास पालथं झोपवून पाहिलं. २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. नळ्या लावलेल्या माणसाला पालथं करायला चार-पाच माणसं लागतात, एक डोक्याशी ट्यूब धरून. ती आम्ही धरतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, भारताच्या आरोग्य मंत्रालयाने घरातल्या रुग्णांनाही चार-पाच उशा घेऊन पालथं झोपायला सांगितलं, ते आठवत असेल. शुद्धीवर असलेल्या माणसाला पालथं झोपवणं ही वेगळी गोष्ट आणि तिचा फायदा एवढा ठळक सिद्ध झालेला नाही. पण माझ्या पुस्तकातला जेमतेम एक परिच्छेद आठ वर्षांत पुण्या-नाशकातल्या बेडरूममध्ये पोचला.

दुसरं, बोटाला लावायचा तो चिमटा. २०२० च्या डिसेंबरमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात मात्र ऑक्सिजन ८८ टक्क्यांहूनही खाली असल्याचं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के वेळा. कातडीचा रंग यंत्राला फसवतो. सावळ्या माणसांच्या देशातून आलेल्या मला हे वाचताना जे वाटलं ते वेगळं सांगायला नको. मी वीसेक वर्षं तो आकडा डोळे मिटून चार्टवर लिहीत आले होते.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांत ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात, आणि ते कसे भरले जातात याचे किस्से डॉक्टर मित्रांकडून मी ऐकले आहेत. गवारीची बहीण म्हणावी असेच. आरटीचं म्हणाल तर आपल्या बऱ्याच आयसीयूंमध्ये हे काम भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका वाटून घेतात. पण २०२१ साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत दहा वर्गांत ५६ व्यवसाय आहेत आणि त्यांत श्वसन तंत्रज्ञ आहे. नोंदवही आली की आज ना उद्या नूतनीकरणाचा प्रश्नही येणार.

तेव्हा हे नियम लिहायला जे कुणी बसतील त्यांना, आणि त्यांच्यापर्यंत ज्यांचा आवाज पोचतो अशा वाचकांना, एक विनंती. तास मोजायचे तर मोजा. त्या हॉटेलच्या हॉलात मला तासांनीच बसवलं होतं. पण त्यासोबत दर तिमाहीला आयसीयूतले दहा प्रश्नही विचारा, आणि ते सगळ्यात आधी जुन्यांना विचारा. सवलत द्यायचीच असेल तर ती नव्यांना द्या.

पुढच्या आठवड्यात आपण हॉस्पिटलबाहेर पडू: घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर येतो तेव्हा फिल्टर कोण धुतं, नळी किती लांब चालते आणि देवघरातली समई कुठे ठेवायची.