पुन्हा बादली उचलताना

कमरेत उसण भरली की घरातला प्रत्येकजण वैद्य होतो आणि सल्ला एकच देतो : "हलू नका, पडून राहा!" गेल्या पावसाळ्यात पाण्याची बादली उचलताना माझी कंबर धरली. आठवडाभर फळीवर पडून राहिलो. दुखणं ओसरलं, भीती मात्र मुक्कामाला राहिली. नातीला उचलायलाही हात धजेना.

या सल्ल्याची परीक्षा फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झाली, तिचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. दोन दिवस पडून राहणाऱ्यांपेक्षा आणि कमरेचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, झेपतील तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सुधारले.

मग मीही चालू लागलो. पुढे रिकामी बादली उचलली, मग पाव, मग अर्धी. वजन अंगाजवळ धरायचं, गुडघ्यांत वाकायचं, उचलताना वळायचं नाही. थोडं दुखलं म्हणजे इजा झाली असं नव्हे. मात्र पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तडक इस्पितळ गाठावं.

परवा नातीनं सवयीनं हात वर केले, मग स्वतःच खाली घेतले. "आजोबा, तुमची कंबर!"

मी गुडघ्यांत वाकलो, तिला छातीशी धरलं आणि उभा राहिलो.