पाण्यात पाय हलले पाहिजेत

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतली बाई समुद्रात उतरायची तेव्हा तिच्या अंगावर काय काय असायचं, हे मी नव्या बॅचला आवर्जून सांगते. लोकरीचा गुडघ्यापर्यंतचा झगा, आत त्याच कापडाचा चोळणा, पायांत काळे लांब मोजे आणि बूट, डोक्याला टोपी. लोकर पाणी शोषते आणि सोडत नाही. एवढं ओझं घेऊन पोहणं शक्यच नव्हतं. पाण्यात ताणून बांधलेला दोर धरायचा, चार लाटा अंगावर घ्यायच्या आणि परत फिरायचं. त्याआधी इंग्लंडमध्ये तर चाकांवरची लाकडी खोली असे. बाईनं आत बसून कपडे बदलायचे, घोड्यानं ती खोली पाण्यात ओढून न्यायची, आणि बाईनं पलीकडच्या दारातून थेट समुद्रात उतरायचं. झगा पाण्यावर तरंगून वर येऊ नये म्हणून त्याच्या घेराला शिशाचे तुकडे शिवलेले असत. पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या कपड्याला शिसं लावायचं, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

मी पुण्यात महिलांना पोहायला शिकवते. फॅशनवर लिहिणारे कॉस्च्युमची लांबी बघतात. मी त्याचं वजन बघते. हा कपडा घालून पाय मारता येतात का, हात खांद्यातून पूर्ण फिरतो का, एवढंच मला विचारायचं असतं. आणि या नजरेनं पाहिलं की लक्षात येतं, पोहण्याच्या कपड्यातले खरे बदल पोहणाऱ्या बायकांनी करून घेतले. शिंपी आणि कंपन्या नंतर आल्या.

ॲनेट केलरमन हे नाव माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला माहीत असतं. १८८६ साली सिडनीजवळ जन्मलेली ही मुलगी. लहानपणी पाय कमजोर, पट्ट्या बांधून चालायची. पायांत बळ यावं म्हणून तिला पोहायला घातलं आणि ती पाण्याचीच झाली. १९०५ मध्ये तिनं इंग्लिश खाडी पोहून जायचा प्रयत्न केला, तीनदा, जमलं नाही. पण ती पोहायची पुरुषांसारख्या अंगासरशी, बिनझग्याच्या पोशाखात. लंडनमध्ये राजघराण्यातल्या पाहुण्यांसमोर तिचा कार्यक्रम ठरला, तेव्हा उघडे पाय चालणार नाहीत असा निरोप आला. तिनं काळे लांब मोजे आणले आणि आपल्या पोशाखाच्या पायांना शिवून टाकले. पाय झाकले गेले आणि घेर वाढला नाही. एकसंध कॉस्च्युम पुढे जगभर गेला, त्यात या शिवणीचा मोठा वाटा आहे. बोस्टनजवळच्या रिव्हिअर किनाऱ्यावर १९०७ मध्ये याच पोशाखासाठी आपल्याला अटक झाली, असं ती पुढे आयुष्यभर सांगत असे.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांच्या पोहण्याच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या. शंभर मीटरचं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकनं जिंकलं. पुरुष बघत असतील तिथे बायकांनी पोहायचं नाही, असा तिच्या प्रांतातल्या महिला संघटनेचाच नियम होता. तो बदलावा लागला, तेव्हा कुठे ती बोटीत चढली.

मग येते गर्ट्रूड एडर्ली. ६ ऑगस्ट १९२६ रोजी इंग्लिश खाडी पोहून जाणारी ती पहिली बाई ठरली. साडेचौदा तासांच्या आसपास वेळ लागला. तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा ती जवळजवळ दोन तास लवकर पोचली. आदल्या वर्षीच्या प्रयत्नात एकसंध कॉस्च्युमनं तिला त्रास दिला होता. आत पाणी साचायचं, काठ अंगाला घासायचे. खारं पाणी आणि घासणारी शिवण एकत्र आली की काखेत काय होतं, ते लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्याला विचारावं. म्हणून तिनं आणि तिच्या बहिणीनं मिळून दोन तुकड्यांचा सुटसुटीत पोशाख केला. पॅरिसच्या मोलितोर तलावावर लुई रेआर यानं आपली बिकिनी मांडली ती ५ जुलै १९४६ रोजी, म्हणजे वीस वर्षांनी. नेहमीच्या मॉडेल तयार होईनात, म्हणून मिशलीन बेर्नार्दिनी या नर्तकीनं ती घातली. काडेपेटीत मावेल एवढी लहान, अशी तिची जाहिरात होती. त्या बिकिनीवर पानंच्या पानं लिहिली जातात. एडर्लीच्या दोन तुकड्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. ते कुणाला दिसावेत म्हणून शिवलेले नव्हते.

दरम्यान किनाऱ्यावर मोजमाप चालूच होतं. १९२२ मध्ये वॉशिंग्टनच्या सार्वजनिक किनाऱ्यावर नियम निघाला : कॉस्च्युमचा काठ गुडघ्याच्या वर सहा इंचांपेक्षा जास्त नको. हातात टेप घेऊन गुडघ्यावर बसलेला अधिकारी आणि समोर उभ्या मुली, असं त्या वर्षीचं छायाचित्र आहे. पुरुषही पूर्ण सुटले नव्हते. अमेरिकेत कित्येक ठिकाणी १९३० च्या दशकापर्यंत त्यांना छाती झाकावी लागे.

आपल्याकडे १९३८ साली ‘ब्रह्मचारी’ आला. आचार्य अत्र्यांचं लेखन, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन, आणि मीनाक्षी शिरोडकर यांची पहिलीच भूमिका. त्यात त्या पोहण्याच्या पोशाखात गाणं म्हणतात. केवढी खळबळ उडाली! बिकिनीच्या आठ वर्षं आधी मराठी पडद्यावर हे घडलं होतं. माझी आजी त्याच काळातली. ती कासोटा घट्ट मारून नऊवारीत नदी ओलांडायची, तिच्याकडे मान वळवून कुणी पाहत नसे. कासोट्यामुळे दोन पाय मोकळे राहतात, म्हणून नऊवारीत पोहता येतं; पाचवारीत येत नाही. आणि १९५९ मध्ये कलकत्त्याच्या आरती साहा यांनी इंग्लिश खाडी पार केली, १६ तास २० मिनिटांत. हे करणाऱ्या त्या आशियातल्या पहिल्या महिला. कॉस्च्युम ‘आपला’ नाही म्हणणाऱ्या पालकांना मी हे नाव सांगते.

कापडाची खरी क्रांती त्याच सुमाराची. १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी असा धागा तयार केला, जो पाचपट ताणला तरी मूळ जागी येतो. तोच लायक्रा. नायलॉनबरोबर विणला की कापड अंगासरशी बसतं, पाणी धरत नाही, झटकन वाळतं. लोकरीचं ओझं इथे संपलं. मात्र लायक्राला क्लोरीन सोसत नाही. रोज टँकवर येणारीचा कॉस्च्युम काही महिन्यांत बसायच्या जागी विरतो. उजेडासमोर धरला की बोटं दिसतात, आणि कडेला पांढरे, केसासारखे धागे बाहेर आलेले असतात. ते तुटलेलं लायक्रा. ताणून सोडलं तर कापड परत येत नाही, तसंच लोंबतं.

कापड किती पुढे जाऊ शकतं ते २००८-०९ मध्ये दिसलं. पॉलियुरेथेनचे पोशाख घालून २००९ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. पोहणारा जिंकतोय की पोशाख, असा प्रश्न उभा राहिला. १ जानेवारी २०१० पासून असे पोशाख बंद झाले : विणलेलं कापडच हवं, पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत, बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. हा नियम मला अगदी योग्य वाटतो.

२०१६ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर पुन्हा पोलीस आले, या वेळी उलट कारणानं. सिडनीच्या अहेदा झनेट्टी यांनी मुस्लिम मुलींना पोहता-खेळता यावं म्हणून सर्वांग झाकणारी बुर्किनी तयार केली होती. काही फ्रेंच गावांनी तिच्यावर बंदी घातली. २६ ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं एका गावाची बंदी स्थगित केली. आधी कपडा कमी म्हणून हटकायचं, मग जास्त म्हणून. मला दोन्हींचा सारखाच राग येतो. बुर्किनी हलक्या, पाणी न धरणाऱ्या कापडाची असते. तीत पाय हलतात.

म्हणूनच माझ्या बॅचमध्ये कुणी घोट्यापर्यंतचा फुल कॉस्च्युम घालते, कुणी फ्रॉकवाला, कुणी साधा. तिन्ही चालतात. सुती टी-शर्ट आणि सलवार मात्र मी चालू देत नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, सलवारीत आधी हवा भरते आणि मग ती पायांना गुंडाळली जाते, धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात. नवशिकीला दम लागतो तो निम्मा कपड्यामुळे, आणि तिला वाटतं आपल्याला पोहणं जमणारच नाही.

दुकानात गेलात तर कॉस्च्युम आडवा-उभा ताणून बघा आणि उजेडासमोर धरा. अंगाला चांगला घट्टच घ्या, पाण्यात तो सैल पडतो. रोज पोहणार असाल तर पॉलिएस्टर जास्त असलेलं कापड मागा, ते क्लोरीनला टिकतं. पोहून झालं की लगेच साध्या पाण्यात खळबळा, पिळू नका, मशिनमध्ये टाकू नका, सावलीत वाळवा. ओला कॉस्च्युम प्लास्टिकच्या पिशवीत संध्याकाळपर्यंत तसाच ठेवणं, ही सगळ्यांची सवय. ती आधी मोडा.