अक्षरओळखीतून घडलेला गीतकार

नार्नूरच्या परिसरात गाण्याची वाण नाही. घरात मराठी बोलणारे परधान किंगरीच्या साथीने गोंड कुळांच्या कथा गोंडीत गातात, तांड्यातांड्यांवर लंबाडी स्त्रियांची गीते चालतात, आणि मराठी घरांत जात्यावरच्या ओव्या आठवणाऱ्या आजीबाई आहेत. परंतु स्वतः गीत रचून स्वतः गाणारा मनुष्य घडतो कसा? या प्रश्नाचे उत्तर वामनदादा कर्डक यांच्या जीवनात सापडते.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. बालपणी शाळा घडली नाही. पोटासाठी मुंबईची वाट धरावी लागली. गिरणीत आणि कोळशाच्या वखारीतही त्यांनी काम केले. शिवडीच्या चाळीत असता कोणी एकाने आपले पत्र त्यांच्या हाती देऊन वाचून दाखविण्यास सांगितले, व ते वाचता न आल्याने या तरुणाला रडू कोसळले, असे सांगतात. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरे शिकविली. पुढे दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत त्यांनी जोडाक्षरांचा सराव केला. लाज वाटली, पण त्या लाजेने ते खचले नाहीत, तर शिकू लागले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

1943 साली त्यांनी पहिले गीत रचले. ते होते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरील विडंबन! चाल उसनी, शब्द मात्र स्वतःचे. यात कमीपणा तो कसला? ज्याच्याजवळ पेटी नाही, वाद्यवृंद नाही, त्याने लोकांच्या ओठांवरची चाल घ्यावी आणि तिच्यात आपला विचार भरावा, हीच आंबेडकरी जलशांची रीत होती. नाशिक भागात भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी ही वाट आधीच मळविली होती. तमाशातील लावणी, शाहिरांचा पोवाडा, कव्वालीचा ठेका, पुढे गझलेची बांधणी, जे जे कानी पडले ते ते वामनदादांनी आपल्या गीतांत मुरविले. डॉ. आंबेडकरांच्या विचारांनी त्या सर्वांना एक दिशा दिली. 1956 साली बाबासाहेबांच्या निधनानंतर दुःखात बुडालेल्या वस्त्यांना धीर देण्याचे कार्य अशा गीतांनी केले.

ते कोणा कंपनीचे किंवा दरबाराचे आश्रित नव्हते. बोलावणे आले की निघावे, मिळेल ते खावे, वस्तीत जागा मिळेल तेथे मुक्काम करावा आणि रात्रभर गावे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्यांची हजारो गीते छापण्यापूर्वीच तोंडोतोंडी पसरली. ‘वाटचाल’ हा संग्रह 1973 साली निघाला, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. तोंडोतोंडी पसरणाऱ्या गीताचा कर्ता विसरला जाण्याचे भय असते. म्हणून संतांनी अभंगाच्या शेवटी जशी नाममुद्रा ठेविली, तसे वामनदादांनी गीताच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफले. वहीवरील नाव पुसले जाईल, पण यमकात बसलेले नाव गाणाऱ्याला टाकता येत नाही.

1993 साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. ज्याला एके काळी पत्र वाचता येत नव्हते, तो साहित्यिकांच्या सभेत अग्रस्थानी बसला. 15 मे 2004 रोजी त्यांचे निधन झाले.

मातापित्यांनो, आपल्या मुलाने ऐकलेल्या चालीवर चार ओळी जुळविल्या, तर त्याला हसू नका. त्याला एक वही द्या आणि म्हणा, ‘बाळ, लिही, आणि शेवटी तुझे नाव घाल.’ घरातील आजीला ओव्या येत असतील, तर त्याही त्याच वहीत उतरवून घ्या. तिला अक्षर येत नसेल, पण नातवाला येते. दोघांनी मिळून बसावे, म्हणजे घरचे गाणे घरातच लोपणार नाही.